पॅट सावकाशचं घर

रिटायर झालेल्या माणसाकडे किस्से साठतात ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि पाहुणा आला की सगळे एकदम बाहेर निघतात! माझी बायको शैला तर पाहुण्यांना दारातच सांगून ठेवते, "ह्यांना ‘सध्या काय करता?’ तेवढं मात्र विचारू नका हं." पण कोणीतरी विचारतंच.

"दर मंगळवारी मी आयर्लंडमधल्या एका खेड्यात असतो," मी सांगतो.

मी आयर्लंडला कधीही गेलेलो नाही. आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून पाऊण तासावरच्या एका जुन्या खाणगावात. तिथल्या लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये दर मंगळवारी आठ म्हातारी माणसं जमतात. त्यांचे आजे-पणजे सगळे नॉकडारा नावाच्या एकाच आयरिश खेड्यातून इथल्या कोळशाच्या खाणींत कामाला आले. आता ही मंडळी त्या गावाचा इतिहास लिहितात. आठांपैकी एकानंही ते गाव पाहिलेलं नाही. नववा मी. माझा तर त्या गावाशी संबंधच नाही!

* * *

मी त्यात कसा शिरलो? लायब्ररीत पुस्तक परत करायला गेलो होतो. खालून कोणीतरी स्कॅनरला शिव्या घालत होतं. पस्तीस वर्षं मशीन डिझाइन केलेल्या माणसाला तो आवाज सहन होत नाही. खाली गेलो, अडकलेला कागद काढला, रोलर पुसला, स्कॅनर चालू झाला.

मंडळाच्या अध्यक्षा पेगबाई. वय तेव्हा त्र्याऐंशी. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण एवढ्या मोठ्या बाईला नुसतं ‘पेग’ म्हणताना माझी जीभ अडखळते. म्हणून तुम्हाला सांगताना पेगबाई. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "तुझी माणसं कुठली?"

"साताऱ्याची. कऱ्हाडजवळची."

पेगबाईंनी मान डोलावली आणि शेजारी बसलेल्या फ्रँककडे वळल्या. फ्रँक म्हणजे रिटायर्ड प्लंबर आणि मंडळाचा नकाशेवाला. "फ्रँक, सातारा म्हणजे आपल्या गावाच्या उत्तरेला की दक्षिणेला रे?"

फ्रँकनं आयर्लंडचा नकाशा उलगडला, भिंग काढलं आणि दहा मिनिटं सातारा शोधला. मी मध्ये बोललो नाही. चहा चांगला होता.

* * *

नॉकडारा केवढं? एक चर्च, एक दुकान, एक पब, एक शाळा आणि टेकडीच्या उतारावर पसरलेली घरं. त्यातली निम्मी पडलेली. पण गावात आडनाव जवळजवळ एकच, डोलन! आणि पोरांची नावंही ठरलेली. त्यामुळे जुन्या चर्चच्या वहीत एका वेळी नऊ-नऊ पॅट डोलन सापडतात. ओळखायचं कसं? तर प्रत्येक घराला एक टोपणनाव. पॅट लाल, कारण केस लाल. पॅट रेडिओ, कारण गावात पहिला रेडिओ त्याच्याकडे. पॅट कोंबडा, त्याचं कारण अजून कळलेलं नाही आणि फ्रँक त्यावर गेली दोन वर्षं काम करतोय.

हे ऐकून मंडळाला वाटलं, मी चकित होईन. मी म्हटलं, "आमच्या गावात चार संपत जाधव आहेत. घड्याळ्या, पैलवान, मुंबईवाला आणि नुसता संपत." सगळे एवढे खूश झाले की त्यांनी ते लिहून घेतलं.

पेगबाईंचे पणजोबा म्हणजे पॅट सावकाश. माणूस कशाचीही घाई करायचा नाही म्हणे. त्यांची मुलगी ब्रीजेट, पेगबाईंची आजी. पेगबाई दर मंगळवारी वीस मिनिटं उशिरा येतात. पहिल्यांदा मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा त्या कोट काढत शांतपणे म्हणाल्या, "उशीर नव्हे हा. वारसा!"

पुढच्या मंगळवारी माझ्या खुर्चीवर चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘विजय स्कॅनर’. अमेरिकेची सिटिझनशिप मिळाली तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता!

* * *

पहिल्याच महिन्यात एकदा दुपारी एक वाजता सगळे बोलता बोलता गप्प झाले. सँडविच हातातल्या हातात. फ्रँकनं कॉम्प्युटरचा आवाज वाढवला. एक बाई गंभीर आवाजात नावं वाचत होत्या.

मी हळूच विचारलं, "काय चाललंय?"

"मयताची खबर," फ्रँक कुजबुजला.

नॉकडाऱ्याच्या भागातलं एक छोटं रेडिओ स्टेशन आहे. ते रोज संध्याकाळी सहाला, म्हणजे आमच्या दुपारी एकला, त्या दिवशी कोण कोण गेलं ते वाचून दाखवतं. अमुक गावचे तमुक, माहेरचं घर कुठलं, दर्शन किती वाजता, दफन कुठे. त्या मुलुखात ही बातमी न चुकता ऐकतात, आणि ऐकलं की आपली कामं टाकून मयताच्या घरी जातात. हातात सँडविच नाहीतर केक. त्या घरची चूल त्या दिवशी शेजाऱ्यांची. आणि इथे पेनसिल्व्हेनियात माझी आठ माणसं, ज्यांना त्यातलं एकही माणूस ओळखीचं नाही, तीही न चुकता ऐकतात! बातमी संपली की कोणीतरी सुस्कारा सोडून म्हणतं, "आज आपलं कोणी नाही." मग सँडविच पुढे सुरू.

मला हे जरा अतीच वाटलं होतं. तीन महिन्यांनी एका मंगळवारी मी डेंटिस्टकडे अडकलो. अर्धं तोंड बधिर. बाहेर आल्या आल्या शैलाला फोन लावला आणि घाईघाईनं विचारलं, "कोण गेलं?"

ती बिचारी घाबरली. "अहो, कोण गेलं? कुठे गेलं? भारतातून फोन आलाय का?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या त्या आयरिश सासरचं कोणी नाही. आता घरी या."

* * *

नॉकडाऱ्याच्या चर्चमध्ये कॅमेरा बसवलाय, घरी अंथरुणावर असलेल्यांना प्रार्थना पाहता यावी म्हणून. प्रार्थना नसतानाही तो चालूच असतो. आमचं मंडळ ते रिकामं चर्च पाहत बसतं! कधी एखादी बाई फुलं बदलते. कधी कुत्रं आत येतं, इकडेतिकडे हुंगतं, जातं. आठ माणसं टीव्ही पाहावा तशी पाहतात. "आज फुलं पिवळी आहेत." "कुत्रं मागच्या वेळचंच का?"

एके दिवशी फ्रँक खुर्चीतून उठला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाला, "डावीकडच्या हीटरचा व्हॉल्व्ह गळतोय." प्लंबरची नजर! राहवेना. नॉकडाऱ्यातल्या नोरा म्हणजे दुकानवाल्या बाई. गावची सगळी पत्रं, ईमेल त्यांच्याकडेच येतात. फ्रँकनं त्यांना लगेच ईमेल केली.

दुसऱ्या दिवशी उत्तर. "चार वर्षं झाली गळतोय. आम्हाला माहीत आहे. पण तुम्हाला कसं?"

त्यानंतरच्या मंगळवारी पाहिलं तर कॅमेरा थोडासा उजवीकडे वळवलेला होता.

* * *

आता मुद्द्याचं. पेगबाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आजीचं घर कुठलं?

आजी ब्रीजेट सतराव्या वर्षी नॉकडारा सोडून आली. त्या काळी अमेरिकेला जाणारं माणूस परत दिसायचंच नाही, म्हणून जाण्याआधी त्याच्या घरी सगळा गाव जमायचा. मयताला जमतात तसाच! रडायचं, खायचं, गायचं आणि सकाळी त्याला वेशीपर्यंत पोचवायचं. आजी पेगबाईंना सांगायची, "माझं मेल्यानंतरचं जेवण मी स्वतः वाढलंय." त्याच आजीनं पेगबाईंना लहानाचं मोठं केलं. पण घर कुठलं हे कधी सांगितलं नाही. विचारलं की उठून भांडी घासायला लागायची.

"मला दुसरं काही नको," पेगबाई एकदा मला म्हणाल्या. "ती कुठल्या दारातून निघाली, एवढंच बघायचंय. फोटोत चालेल." डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय. हृदय थकलंय. त्या हे हवा-पाण्यासारखं सांगतात, पण मला त्या दिवशी पुढचं पान स्कॅन करवेना. मी घर सोडलं तेव्हा आईनं हातावर दही घातलं होतं आणि मागे वळून बघू नकोस म्हणाली होती. मी वळलो नाही. पण ते दार मला आजही डोळे मिटून दिसतं. पेगबाईंकडे तेवढंही नव्हतं.

त्यांनी नोराबाईंना चौदा पत्रं लिहिली. नोराबाईंची उत्तरं अशी लांबलचक आणि प्रेमळ की वाचत राहावं. पाऊस किती झाला, कोणाचा गुडघा बदलला, फुटबॉलमध्ये शेजारच्या गावाला कसं लोळवलं. आणि घराबद्दल? शेवटी एक ओळ. "बाई गं, ती घरं आता पुष्कळशी पडली."

फ्रँकनं फोन करून पाहिले. पबमध्ये, शाळेत, चर्चमध्ये. सगळे अर्धा-अर्धा तास गप्पा मारायचे. ‘पॅट सावकाशचं घर कुठलं?’ म्हटलं की पलीकडचा माणूस म्हणायचा, "अरे, पाऊस आला वाटतं," आणि फोन बंद!

"एवढी चांगली माणसं," पेगबाई म्हणाल्या, "पण ह्या एका गोष्टीवर मुकी का होतात?"

मंडळात ह्याचं उत्तर फक्त मला माहीत होतं.

* * *

सहा वर्षांपूर्वी मी गावी गेलो होतो. चुलतभावाकडे, म्हणजे त्या चारांतल्या नुसत्या संपतकडे. ओट्यावर चहा घेत होतो. मी आपला सहज, आठवणीच्या भरात म्हटलं, "संपत, आपली आजी पाणी आणायची ती विहीर कुठली रे?"

संपतनं कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच. "कंची विहीर? समद्या बुजल्या."

"अरे, मळ्यातली? चिंचेजवळची?"

"चिंच पडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी ‘सहज’ चहाला आले. संध्याकाळी संपतचा मेव्हणा ‘सहज’ आला, तो वकील. तिसऱ्या दिवशी संपतनं मला सातबाऱ्याचा उतारा दाखवला, न मागता! वर म्हणतो कसा, "दादा, तुमी अमेरिकेत सुखात हाय न्हवं?"

मी हा सगळा किस्सा मंडळाला सांगितला. म्हटलं, अमेरिकेतून आलेला नातेवाईक ‘घर कुठलं’ विचारतो तेव्हा गावाला ऐकू येतं, ‘माझा हिस्सा कुठला?’ पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कोणीतरी कसतंय, त्या पडक्या घरात कोणाचं तरी वासरू बांधलंय. सांगून कोण पायावर धोंडा पाडून घेईल?

पेगबाई खरोखरच दुखावल्या. "पण मला जमीन नकोय!"

"मलाही विहीर नको होती," मी म्हटलं.

* * *

गेल्या हिवाळ्यात पेगबाईंनी जाहीर केलं, "माझ्या मयताची खबर मी स्वतः लिहिणार. तुमच्यावर भरवसा नाही." मंडळातल्या दोघांचे भाऊ आधी गेले होते, तेव्हा रेडिओला मीच ईमेल पाठवली होती आणि त्यात फ्रँकनं एकाच्या मधल्या नावाचा घोळ घातला होता. त्या घोळानंतर मी मंडळाला शिस्त लावली. प्रत्येक मसुद्याला रिव्हिजनचा नंबर. रेव्ह १, रेव्ह २, रेव्ह ३. कॉम्प्युटरच्या वर मी पाटीच लावली, ‘सगळ्यात मोठा नंबर तोच बाहेर जाणार.’ पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून जुनं ड्रॉइंग एकदाही वर्कशॉपमध्ये गेलेलं नाही! हे मी सगळ्यांना सांगितलं. दोनदा.

तर पेगबाईंचा मसुदा. त्यावर मंडळात जी भांडणं झाली ती चार महिने पुरली. ‘शांतपणे देवाघरी गेल्या’ असं त्यांनी लिहिलं होतं. फ्रँक म्हणाला, "शांतपणे? कोणी विश्वास ठेवणार नाही." ते खोडलं. मग पुढची ओळ होती, ‘नॉकडाऱ्याच्या पॅट सावकाशच्या मुलीची नात, घर’, आणि तिथे पेगबाईंनी रिकामी जागा सोडली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"कळलं की भरू," त्या म्हणाल्या. "कळलं नाही, तर तसंच जाऊ दे."

फ्रँकनं खोडायला उचललेलं पेन खाली ठेवलं.

* * *

ह्या जूनमध्ये पेगबाईंना शहाऐंशी पूर्ण. नॉकडाऱ्याच्या रेडिओवर मयताच्या बातमीनंतर वाढदिवसाच्या शुभेच्छाही वाचतात. आम्ही ठरवलं, पेगबाईंचं नाव तिथे वाजलं पाहिजे. शुभेच्छांचा मसुदा तयार झाला, तीन वेळा सुधारला. रेव्ह ३ सर्वांना पसंत. मी तो ‘पेग’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला. सोमवारी पेगबाईंनी मला फोन करून त्यांच्या मयताच्या खबरीतला एक शब्द बदलायला लावला. तोही बदलून मी सेव्ह केला. रेव्ह ४. त्याच फोल्डरमध्ये.

मंगळवारी सकाळी मी फोल्डर उघडला, नंबर पाहिला, पाटीकडे पाहिलं आणि नियमाप्रमाणे सगळ्यात मोठा नंबर पाठवून दिला!

दुपारी एक. टेबलावर केक. पेगबाईंच्या हातात सुरी. रेडिओवरच्या बाईंनी गंभीर आवाजात सुरुवात केली. पहिलं नाव कोणाचं तरी. दुसरं नाव, "पेग डोलन, पेनसिल्व्हेनिया."

मी पुन्हा पाटीकडे पाहिलं. फ्रँकनं सवयीनं छातीवर क्रॉसची खूण करायला घेतली, पेगबाईंकडे पाहिलं आणि अर्ध्यावरच हात खाली घेतला. बाई वाचतच होत्या. "नॉकडाऱ्याच्या पॅट सावकाशच्या मुलीची नात. घर," आणि त्या थांबल्या. कागद सळसळला. "घराचं नाव इथे दिलेलं नाही. कुटुंबाला ते माहीत नसावं. देव त्यांना शांती देवो."

पेगबाईंनी केक कापला. "वाचलं छान," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉपवर झडप घातली. माफीची ईमेल! ताबडतोब! पण मंडळ ते मंडळ. एकजण म्हणाला, ‘चुकून’ लिहू नका, ‘अनवधानानं’ लिहा. फ्रँक म्हणाला, आधी ‘त्या जिवंत आहेत’ लिहा, मग माफी मागा. दुसरी म्हणाली, उलट. रेव्ह १. रेव्ह २. दोन वाजले, तीन वाजले. रेव्ह ५ चालू असताना साडेतीनला रेडिओची ईमेल आली.

‘आपल्या दुःखात सहभागी आहोत. बातमीनंतर आम्हाला अकरा श्रोत्यांचे फोन आले. उद्या दुरुस्ती वाचू. घर गावातल्या हातपंपाच्या खालच्या बाजूचं दुसरं.’

ईमेल मी मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली, कारण पेगबाई म्हणाल्या, "पुन्हा."

चार वाजून गेले आणि नोराबाईंचा फोटो आला. तिथे रात्रीचे नऊ, पण जूनमधलं लख्ख ऊन. कमरेएवढ्या दगडी भिंती, छप्पर नाही, आत एक झाड उगवलेलं. दाराची चौकट मात्र शाबूत. त्या दाराबाहेर वीस-पंचवीस माणसं चांगले कपडे घालून उभी, टोप्या हातात. आणि पडक्या भिंतीवर किटल्या, कप, झाकलेल्या सँडविचच्या थाळ्या. खाली नोराबाईंनी लिहिलं होतं, ‘पेगला आम्हाला घरी आणता आलं नाही. म्हणून आम्हीच तिच्या घरी आलो. सावकाशांचं घर हेच. लहान पोरालाही माहीत आहे.’

मला समोरचं नीट दिसेना. चष्मा पुसला. फ्रँक भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याला अचानक तिथल्या पाइपमध्ये काहीतरी सापडलं होतं.

पेगबाईंनी लॅपटॉप जवळ ओढला. स्क्रीनवरच्या त्या दाराच्या उंबऱ्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसल्या.

शेवटी मी घसा खाकरला. "पेग, माफीचा रेव्ह ५ तयार आहे. तू जिवंत आहेस हे कळवायलाच हवं. पाठवू?"

त्यांनी बोट न काढता मान हलवली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "दोन दिवस थांब. शेत कुठलं तेही सांगतील."